डाळिंबाच्या खोडांतील भुंगेरा



गेल्या हिंवाळ्यांतील गोष्ट. सकाळच्या उन्हांत ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों असतां माझा एक जुना विद्यार्थी आला. एके काळीं माझ्या वर्गांत शेवटच्या बाकावर बसणारा हा मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, आणि वसमतपासून दोन कोसांवर त्याची स्वतःची शेती आहे. नमस्कार झाला, चहा झाला. मग त्यानें पिशवींतून रुमालांत बांधलेला लाकडाचा एक तुकडा काढून माझ्या हातीं दिला. मनगटाएवढ्या जाडीचें तें डाळिंबाचें खोड होतें. त्याच्या सालीवर जागोजाग टांचणीनें टोचावीं तशीं भोंकें दिसत होतीं. एका वितींत मीं मोजलीं, तीं तेवीस भरलीं.

‘गुरुजी, हें काय असेल ?’ त्यानें विचारलें.

‘वाळवी,’ मीं तात्काळ सांगितलें. पस्तीस-चाळीस वर्षें शिकविण्याचा धंदा केला म्हणजे प्रश्नाला ताबडतोब उत्तर देण्याची खोड माणसाला लागते. मग तें उत्तर ठाऊक असो वा नसो. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें माझेंच वर्तमानपत्र खालीं पसरलें आणि तुकडा त्यावर दोन-चार वेळां आपटला. कागदावर पांढुरका भुसा पडला, आणि त्या भुशांत मोहरीच्या दाण्याएवढा एक काळा कण चालूं लागला.

त्याच्या बागेंत डाळिंबाचीं चारशें झाडें होतीं. पांच वर्षांपूर्वीं कर्ज काढून लावलेलीं, दोन बहार घेतलेलीं. दिवाळीपासून त्यांपैकीं अडतीस झाडें उभ्या उभ्या वाळलीं होतीं. ‘गुरुजी, बाग ठेवूं कीं काढूं ?’ हा त्याचा दुसरा प्रश्न. याचें उत्तर मात्र मला तात्काळ देतां आलें नाहीं. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हें. परंतु या निमित्तानें परभणीच्या कृषि विद्यापीठाकडे दोन खेपा घातल्या, जाणत्या मंडळींना विचारलें, मिळेल तें वाचलें, आणि त्या बागेंत पुष्कळदां जाऊन आलों. त्यांतून जें समजलें तें आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊं. झाड पोखरणारे किडे आपल्याला नवे नाहींत. आंब्याच्या खोडांत शिरणारें भिरूड आपल्या वाडवडिलांना चांगलें माहीत होतें. त्याची अळी बोटाएवढी लांब; तारेचा आंकडा घालून ती ओढून काढावयाची, भोंकांत रॉकेलचा बोळा कोंबावयाचा आणि वरून चिखल लिंपावयाचा, हा उपाय खेड्यांतील कोणीहि म्हातारा सांगेल. दुसरी एक साल खाणारी अळी असते. ती जुन्या, हयगय झालेल्या झाडांच्या सालीवर विष्ठेची आणि रेशमासारख्या धाग्यांची जाळी विणून तिच्याआड राहते. ती डोळ्यांना सहज दिसते. आपला आजचा पाहुणा या दोहोंहून वेगळा आहे. तो भुंगेरा आहे, आणि आकारानें इतका लहान कीं त्याची मादी फार तर दोन ते अडीच मिलिमीटर भरते. नर त्याहूनहि लहान. भोंक एक मिलिमीटरहूनहि किंचित् कमी रुंदीचें. इंग्रजीत त्याला बंदुकीच्या छऱ्याच्या भोंकावरून ‘शॉट होल बोरर’ म्हणतात, आणि आमच्याकडील शेतकरी ‘पिन होल’ म्हणतात. मीं त्याला ‘टांचणीछिद्र भुंगेरा’ असें एक भारदस्त नांव तयार करून माझ्या विद्यार्थ्याला ऐकविलें. तो मान राखून हसला आणि पुढच्याच वाक्यांत ‘पिन होल’ म्हणाला. भाषेच्या बाबतींत शेतकऱ्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

कठीण लाकूड कोरणारा भुंगा कमळाच्या कोंवळ्या पाकळ्यांत मात्र अडकून पडतो, हा दृष्टान्त आपण सर्वांनीं कीर्तनांत ऐकला आहे. तो भुंगा म्हणजे गुणगुणत येणारी मोठी काळी माशी. तो लाकूड कोरतो तो केवळ घर करण्यासाठीं, आणि तेंहि बहुधा वाळलेलें. आपला भुंगेरा गुणगुणत नाहीं, आणि तो शिरतो तें जिवंत झाडांत.

आतां गमतीचा भाग. हा भुंगेरा लाकूड पोखरतो, पण लाकूड खात नाहीं. मग तो खातो काय, हा प्रश्न दोनशें वर्षांपूर्वीं युरोपांत एका माणसाला पडला होता. ऑस्ट्रियांतील सेंट फ्लोरियान येथील मठांत श्मिडबर्गर नांवाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांना फळझाडांचा मोठा नाद. सफरचंदाच्या खोडांतील अशाच जातीच्या एका भुंगेऱ्याचीं बिळें उघडून पाहतांना त्यांना आंतल्या भिंतींवर पांढरट लेप दिसला, आणि पिल्लें तोच लेप चाटून खात असल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें. हा लेप म्हणजे काय, हें त्यांना उमगलें नाहीं. त्यांनीं १८३६ सालीं त्याला ‘अँब्रोसिया’, म्हणजे ग्रीक देवांचें अमृत, असें नांव देऊन टाकलें. पुढें १८४४ सालीं जर्मनीतील वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांनीं सिद्ध केलें कीं हें अमृत दुसरें तिसरें कांहीं नसून एक बुरशी आहे.

ती बुरशी तेथें आपोआप उगवत नाहीं. मादी तिचें बियाणें बरोबर घेऊन येते. तिच्या तोंडांत, जबड्यांच्या बुडाशीं, बारीकशा पिशव्या असतात. जन्मघर सोडतांना ती त्या पिशव्यांत बुरशी भरून घेते. नव्या झाडांत बीळ कोरलें कीं तिच्या भिंतींवर ती हें बियाणें पेरते, तें वाढूं लागलें म्हणजे अंडीं घालते, दाराशीं राखण करते, भुसा बाहेर लोटते, बीळ स्वच्छ ठेवते. पिल्लें पिकावर पोसतात. मनुष्यानें शेती सुरू केल्याला दहा-बारा हजार वर्षें झालीं. हे भुंगेरे त्याच्या आधीं कोट्यवधि वर्षें शेती करीत आले आहेत. आमच्या भागांत शेतीवर व्याख्यान द्यावयास येणाऱ्या मंडळींना मी हल्लीं ही गोष्ट मुद्दाम सांगतों.

या घराची मांडणीहि विलक्षण आहे. एका बिळांत जन्मणाऱ्या पिल्लांत बहुतेक माद्या. नर हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. नरांना उडतां येत नाहीं. ते जन्मल्या घरींच मरतात. बहीण-भावांतच समागम होऊन तरुण माद्या गर्भवती होऊनच बाहेर पडतात. एखादी मादी तशीच एकटी राहिली तर तिच्या अफलित अंड्यांतून नरच जन्मतात, आणि त्या नरापासून ती पुढें वंश चालविते. आपल्या नातेसंबंधांचे नियम लावून या घराकडे पाहूं नये; परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कीं नव्या गांवीं वसाहत थाटावयास या जातीला एक मादी पुरते. उबदार हवेंत एक पिढी सुमारें महिन्याभरांत तयार होते. अडतीस झाडें वाळण्यास दोन-अडीच महिने कसे पुरले, हें यावरून कळेल.

झाड मरतें तें भोंकांमुळें नव्हे. एवढ्याशा बिळांनीं डाळिंबासारखें चिवट झाड खचत नाहीं. तें मरतें भुंगेऱ्याच्या पिकामुळें. ती बुरशी बिळाच्या भिंतीपाशीं थांबत नाहीं, ती लाकडांत पसरते. मुळांतून पाणी वर नेणाऱ्या ज्या नलिका असतात त्या बंद पडतात. आणि पायथ्याशीं ठिबकचें पाणी असूनहि झाड तहानेनें मरतें. आधीं एका फांदीचीं पानें पिवळीं पडतात. मग ती फांदी वाळते. मग शेजारची. माझ्या विद्यार्थ्यानें माझ्यासमोर एक खोड आडवें कापलें. गाभ्यापासून सालीकडे काळसर तपकिरी पट्टे गेलेले दिसले, चांदणीच्या आकृतीसारखे. तो पट्टा पाहून विद्यापीठांतील तज्ज्ञांनीं सांगितलें कीं येथें एक शत्रू नाहीं, दोन आहेत. डाळिंबाचा मर रोग बहुतांशीं दुसऱ्याच एका बुरशीमुळें होतो. तिचें नांव सेराटोसिस्टिस. ती मातींत राहते आणि मुळांवाटे चढते. तिनें झाड अशक्त केलें कीं भुंगेरा येतो. आणि भुंगेऱ्यानें बाहेर टाकलेल्या भुशाबरोबर ती बुरशी पसरण्यास साहाय्य होतें. चोर आधीं आला कीं दरोडेखोर, हें प्रत्येक झाडापाशीं निराळें असूं शकतें.

हा भुंगेरा ‘नवा’ आहे काय ? वर्तमानपत्रें म्हणतात, नवा. वस्तुतः त्याच्या गोताचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८६८ सालीं आयखॉफ नांवाच्या जर्मन पंडितानें सिंहलद्वीपांतून आलेल्या नमुन्यावरून केलें. त्याच शतकाच्या अखेरीस तेथील चहाच्या मळ्यांत त्याच्या गोतानें मोठा उच्छाद मांडला. चहाचा शत्रू म्हणूनच त्याची कीर्ति झाली. पुढें २००३ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस भागांत असाच भुंगेरा सांपडला, पण कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं. इस्राएलांत २००९ सालीं तो अव्होकाडोच्या बागेंत दिसला. २०१२ सालीं लॉस एंजेलिसजवळील साउथ गेट गांवीं एका घराच्या परसांतील अव्होकाडोच्या फांद्या वाळूं लागल्या, तेव्हां त्याच्याबरोबर आलेल्या बुरशीचा उलगडा झाला. २०१७ सालीं दक्षिण आफ्रिकेंत पीटरमारित्झबर्ग येथील वनस्पति-उद्यानांत त्याची ओळख पटली, आणि पुढें जोहान्सबर्गसारख्या शहरांतील रस्त्यांकडेचीं झाडें त्यानें धरलीं.

एवढें होईपर्यंत सर्वजण त्याला एकाच नांवानें ओळखीत होते, कारण डोळ्यांना, अगदीं सूक्ष्मदर्शकाखालीं सुद्धां, हे सारे एकसारखेच दिसतात. अखेर आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून आणि शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचे संग्रहालयांतील नमुने पुन्हां मोजून २०१८ व २०१९ सालीं शास्त्रज्ञांनीं निवाडा दिला, कीं या एका नांवाखालीं निदान चार जाती दडलेल्या आहेत. चहावर नांदणारी जात वेगळी ठरली, आणि आयखॉफचें मूळ नांव फळझाडांवर व रस्त्यांवरील झाडांवर संकट आणणाऱ्या जातीकडे गेलें. ‘नव्यानें ओळख पटलेला’ तो या अर्थानें. जुन्या लेखांत हाच प्राणी ‘झायलेबोरस’ या नांवाखालीं भेटतो, नव्यांत ‘युवालेशिया’ या नांवाखालीं. कोणी म्हणेल, नांवांत काय आहे ? पण एका जातीवर लागू पडलेला उपाय आणि एका जातीचें खाद्य दुसरीला जसेंच्या तसें लावतां येत नाहीं. दोन विद्यार्थी एकाच नांवाचे असले म्हणजे हजेरीचा जो घोटाळा होतो, तसाच घोटाळा येथें पाऊणशें वर्षांहून अधिक काळ चालला होता.

आतां आपल्या घरीं येऊं. डाळिंब मूळचें इराणकडचें. परंतु महाराष्ट्रानें तें असें आपलेंसें केलें कीं आज देशांत या फळाच्या बाबतींत आपलाच प्रांत आघाडीवर आहे. पुण्याच्या गणेशखिंड बागेंत डॉ. चीमा यांनीं आळंदीच्या डाळिंबापासून १९३६ सालीं जो वाण निवडला, त्यालाच १९७० सालीं ‘गणेश’ हें नांव मिळालें. या शतकाच्या आरंभीं ‘भगवा’ आला, आणि त्याच्या लाल दाण्यांनीं परदेशचा बाजार जिंकला. सोलापूर जिल्ह्यांतील सांगोला, सांगली जिल्ह्यांतील आटपाडी हे तालुके म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाचीं माहेरघरें. मुरमाड, हलकी जमीन, वर्षांत मोजका पाऊस; ज्वारी-बाजरी पिकली तर पिकली. त्याच मुरमांत ठिबकच्या पाण्यावर डाळिंब पोसलें, त्यावर पक्कीं घरें उभीं राहिलीं, मुलें शिकलीं. २००५ सालीं सोलापुरास राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झालें तें उगीच नव्हे.

आणि त्याच सांगोल्यांत, आटपाडींत २०२१-२२ च्या सुमारास लोकांनीं बागाच्या बागा यंत्र लावून उपटल्या. ऑक्टोबर २०२० मध्यें सोलापूर जिल्ह्यावर जो पाऊस कोसळला तो त्या मातीला ठाऊकच नव्हता. जी जमीन पाण्यावांचून तळमळत असे ती दिवसेंदिवस ओली राहिली. मुळें गुदमरलीं. त्यानंतर मर आला, आणि मराबरोबर ‘पिन होल’. ज्यांनीं बांधाला बांध लावून जवळजवळ लावण केली होती त्यांच्या बागा आधीं गेल्या.

ओल्या मुळांचा आणि या भुंगेऱ्याचा संबंध काय ? झाडाचीं मुळें पाण्यांत बुडालीं व त्यांना हवा मिळेनाशी झाली, म्हणजे झाडाच्या शरीरांत एक प्रकारचें आंबणें सुरू होतें आणि त्यांतून मद्यार्क तयार होतो. तो सालीवाटे किंचित् किंचित् बाहेर पडतो. आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाहीं; अशा भुंगेऱ्यांच्या माद्यांना मात्र तो दुरून लागतो. रोगी झाड आपण होऊन दवंडी पिटतें म्हणा ना. डाळिंबाला बहार धरण्यासाठीं आपण पाणी तोडून ताण देतों. तो ताण बेताबाहेर गेला, किंवा फळांचा भार झाडाच्या ताकदीपलीकडे ठेवला, तरीहि झाड खचतें आणि पाहुण्याला दार उघडें राहतें.

हें ऐकल्यावर मी पुन्हां माझ्या विद्यार्थ्याच्या बागेंत गेलों. बरोबर वही नेली होती. ओळीनें एकेक झाड पाहत गेलों आणि वाळलेल्या झाडापुढें फुली मारीत गेलों. तास-दीड तासानें वहींत पाहतों तों अडतिसांपैकीं एकतीस फुल्या शेताच्या खालच्या अंगाला, शेवटच्या चार ओळींत. आमची वसमतची जमीन सांगोल्याच्या उलट. काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यानें भिजणारी. तिच्यांत हळद उत्तम, केळी उत्तम, ऊंस उत्तम. डाळिंबाला निचरा हवा, आणि या मातीचा निचऱ्याशीं उभा दावा. परतीच्या पावसाचें पाणी त्या खालच्या बांधाशीं आठ दिवस तुंबलें होतें, असें तो म्हणाला; म्हणजे मला म्हणाला, स्वतःशीं त्यानें तोंवर हा हिशोब मांडलाच नव्हता. वही पाहून तो बराच वेळ गप्प बसला. वर्गांत त्याला नकाशा भरतां येत नसे. हा नकाशा त्याला एका नजरेंत कळला.

आणखी एक गोष्ट त्या दिवशीं दिसली, ती मला आज विशेषेंकरून सांगावयाची आहे. उपटलेलीं झाडें त्यानें गोठ्याच्या भिंतीशीं रचून ठेवलीं होतीं. जळण म्हणून. कांहीं मोळ्या शेजाऱ्यांनीं नेल्या होत्या. एक मोळी तर गांवांतील एका लग्नघरीं चुलवणासाठीं गेली होती. यांत त्याचा दोष नाहीं. आपल्याकडे लांकूड टाकून देणें हें पाप समजतात. पण झाड मेलें म्हणून आंतला भुंगेरा मरत नाहीं. मीं त्याचा तो पहिला तुकडा घरीं कांचेच्या बरणींत, तोंडाला मलमल बांधून ठेवला होता. तिसऱ्या दिवशीं बरणीच्या तळाशीं नऊ भुंगेरे होते. आठवड्यानें सव्वीस. त्यानंतर मीं मोजणें सोडलें, आणि बरणी चुलीवरच्या उकळत्या पाण्यांत बुडविली; घरांतून याबद्दल मला जें ऐकावें लागलें तें येथें सांगत नाहीं. एका वितीच्या तुकड्यांतून इतके, तर गोठ्याजवळच्या त्या ढिगांतून किती ?

म्हणून पहिला उपाय औषधाचा नव्हे. भोंकें पडलेलें लाकूड बागेंत ठेवूं नये, गाडींत घालून गांवोगांव हिंडवूं नये. काढल्या दिवशीं, काढल्या जागीं जाळावें. जाळणें शक्य नसेल तर त्याच्या बारीक धलप्या करून कडक उन्हांत पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाखालीं कांहीं आठवडे झांकून ठेवाव्या; आंतील उष्णतेनें किडा व बुरशी दोहोंचा निकाल लागतो. जवळपास एरंड आपोआप उगवलेला असेल तर त्याचें खोड जरूर तपासावें. या भुंगेऱ्याला एरंड फार प्रिय आहे, आणि तेथें तो सुखानें वंश वाढवितो.

औषधांचें म्हणाल, तर तीं भुंगेरा आंत शिरण्यापूर्वीं उपयोगाचीं. एकदां तो लाकडांत गेला म्हणजे फवारा त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. आणि लाकडाला विष भिनविलें तरी तो लाकूड खातच नाहीं, कोरून थुंकून टाकतो. म्हणून निरोगी झाडांच्या खोडांना जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत गेरूंत कीटकनाशक व तांबेयुक्त बुरशीनाशक कालवून त्याचा लेप देतात. औषधाचें नांव व मात्रा वेळोवेळीं बदलते, ती संशोधन केंद्राच्या किंवा विद्यापीठाच्या शिफारशीवरूनच घ्यावी. दुकानदाराच्या शिफारशीवरून नव्हे. छाटणीच्या जखमांना बोर्डो मलम लावण्याची जुनी चाल मात्र कोणालाहि पाळतां येण्यासारखी आहे. मोरचूद एक भाग, चुना एक भाग, पाणी दहा भाग. मोरचूद व चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे, आणि धातूच्या नव्हे, मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत.

रोपांविषयीं दोन शब्द. माझ्या विद्यार्थ्यानें गुटी कलमें घेतलीं तीं स्वस्त मिळालीं म्हणून, एका रोपवाटिकेंतून. ज्या बागेवर तीं कलमें बांधलीं ती बाग त्यानें पाहिली नव्हती. पुढें कळलें कीं त्या बागेंत तेव्हांच मर होता. रोपाबरोबर आलेल्या मातीच्या गड्ड्यांतून बुरशी येते, हें त्याला कोणीं सांगितलें नाहीं, आणि विकणाऱ्यानें तर नाहींच नाहीं. कलमामागें वांचलेल्या पांच-सात रुपयांची किंमत त्यानें पुढें किती पटींनीं मोजली, याचा हिशोब करण्यास त्याला अजून धीर होत नाहीं.

हें सर्व शेतकऱ्यांचें झालें. आपल्यासारख्या शहरांतल्या मंडळींना त्याचें काय, असें एखाद्या श्रोत्याच्या मनांत आलें असेल. मघाशीं सांगितलेली हकीकत आठवावी. साउथ गेटचें तें झाड कोणा मोठ्या बागाईतदाराचें नव्हतें, परसांतलें होतें. ऑस्ट्रेलियांत २०२१ सालीं पर्थ शहराजवळ ईस्ट फ्रीमँटल येथें एका रहिवाशाला आपल्या आवारांतील मेपलच्या झाडावर कांहीं विपरीत दिसलें. त्यानें सरकारी खात्याला कळविलें, आणि त्या खंडांत हा भुंगेरा आल्याची पहिली वार्ता अशी लागली. त्या सरकारनें पुढें चार वर्षें त्याचा पाठलाग केला, हजारों झाडें तोडलीं, आणि २०२५ सालीं कबूल केलें कीं आतां याचें समूळ उच्चाटन होणें नाहीं. एखादा बागाईतदार चारशें झाडांत एका झाडाकडे दुर्लक्ष करील. ज्याच्या दारांत एकच डाळिंब किंवा एकच आंबा आहे तो त्याच्याकडे रोज पाहतो. पाहणारा डोळा शहरांतहि हवा.

तेव्हां आपल्या आवारांतील झाडाचें खोड महिन्यांतून एकदां, गुडघ्यापासून खालीं, जवळून पाहावें. टांचणीच्या टोंकाएवढीं गोल भोंकें, त्यांतून लोंबणारा शेवयांसारखा भुसा किंवा पायथ्याशीं पिठासारखी भुकटी, सालीवर ओला काळपट डाग, आणि एकाच फांदीचें अवेळीं पिवळें पडणें, या खुणा. त्या दिसल्या तर लगेच कुऱ्हाड हातीं घेण्याचें कारण नाहीं. प्रत्येक भोंक याच भुंगेऱ्याचें नसतें, आणि पुष्कळ झाडें एखाद-दुसरी फांदी गमावून सांवरतात. खुणेचें छायाचित्र घेऊन नजीकच्या कृषि विज्ञान केंद्रांत दाखवावें. आणि एक भीति आधींच काढून टाकतों. भुंगेरा फळांत शिरत नाहीं. बाजारांतून आणलेलें डाळिंब मुलांना खुशाल द्यावें. उलट या दिवसांत तें महाग वाटलें, तर त्यामागें काय आहे एवढें ध्यानांत घेतलें तरी पुरे.

माझ्या घरीं परसांत डाळिंबाचें एक जुनें झाड आहे. न्हाणीचें पाणी वर्षानुवर्षें त्याच्या आळ्यांत जात होतें. झाडाला पाणी मिळतें म्हणून आम्हांला समाधान. गेल्या फाल्गुनांत मीं तें पाणी चर काढून केळीकडे वळविलें. खोड तपासलें. भोंक एकहि नाहीं. मात्र चष्मा लावून गुडघ्यावर बसण्यास आणि पुन्हां उठण्यास वेळ लागतो खरा.

‘ठेवूं कीं काढूं ?’ या प्रश्नाचें उत्तर शेवटीं त्याचें त्यानेंच दिलें. खालच्या चार ओळी, वाळलेल्या आणि हिरव्याहि, मिळून साठ झाडें त्यानें मुळांसकट काढलीं व तेथेंच जाळलीं. हिरवीं, कळ्या आलेलीं झाडें काढतांना त्याची आई बांधावर येऊन बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं. गोठ्याजवळचा ढीगहि त्याच दिवशीं जाळला. शेजाऱ्यांकडे गेलेल्या मोळ्या मागून आणण्यास तो स्वतः गेला. दोन मिळाल्या, बाकीच्या जळून गेल्या होत्या. लग्नघरची तर केव्हांच जळाली होती, आणि त्याबद्दल प्रथमच कोणाला बरें वाटलें असेल. राहिलेल्या झाडांच्या खालच्या अंगाला त्यानें कंबरभर खोल चर खणला, खोडांना लेप दिला, एक बहार सोडून दिला. मोकळ्या झालेल्या जमिनींत, मातींत बुरशी असल्यामुळें पुन्हां डाळिंब न लावतां, त्यानें हळद घातली.

दर बाजारच्या दिवशीं तो अजून माझ्याकडे येतो. वही आतां त्याच्याजवळ असते. वैशाखांत नव्या फुल्या पांच होत्या, ज्येष्ठांत दोन. गेल्या बाजारीं आला तेव्हां त्या महिन्याची एकहि नव्हती. परंतु मोठा पाऊस अजून व्हावयाचा होता, आणि तो चहा न घेतांच, चरांत साचलेला गाळ काढावयाचा आहे म्हणून घाईघाईनें परत गेला.